इमान कोणत्या कंपनीशी?

सुरतेवर मराठी माणूस पहिल्यांदा १६६४ साली चालून आला, दुसऱ्यांदा १६७० साली. दोन्ही खेपांना मुक्काम थोडक्यात आटोपला आणि परतताना हात रिकामे नव्हते. तिसऱ्या खेपेला तो भुसावळ-सुरत पॅसेंजरनं आला. या वेळी हात रिकामे होते, आणि मुक्काम अजून हललेला नाही. धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांची एकेक नक्कल आज लिंबायत, डिंडोली, उधना, नवागाम, पांडेसरा या भागांत सापडते. भाजीवालीशी अहिराणीत घासाघीस करता येते, ठेल्यावर शेवभाजी मिळते, महापालिकेच्या मराठी शाळा आहेत. त्यांतल्याच एका शाळेत मी उभी हयात खडू झिजवला. माझे विद्यार्थी लूमवर गेले, कापड मार्केटात गेले, हिऱ्याच्या घंटीवर बसले, एकदोघे राजकारणात शिरले. वर मात्र कोणी गेलं नव्हतं. म्हणजे गेलेलेही आहेत, पण परत येण्याच्या बोलीवर नव्हे.

जाऊन परत येण्याच्या बोलीवर वर जाणारा आमच्या गल्लीतला पहिला इसम म्हणजे माझा भाचा. बारावीला फिजिक्स आणि गणित, दोन वैद्यकीय तपासण्या, डीजीसीएचे पेपर आणि दोनशे तासांचं उड्डाण एवढं झालं की व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळतो. भाच्यानं हे तास धुळ्याला भरले. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ चा. देशात दिलेला पहिला परवाना जेआरडी टाटांनी फेब्रुवारी १९२९ मध्ये याच क्लबातून मिळवला. जुहूच्या गर्दीत शिकाऊ पोरांना मोकळं आकाश मिळेना, तेव्हा क्लबाची विमानं धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवर आली. त्यामुळे माझ्या बहिणीचा पक्का समज असा, की टाटाही धुळ्यालाच शिकले. मी तो दुरुस्त केलेला नाही. निवृत्त शिक्षकानं काही उत्तरं चुकीची राहू द्यावीत.

खर्चाचं काय विचारता! दाजींनी डिंडोलीचा प्लॉट विकला, स्वतःच्या लूमपैकी निम्मे गहाण टाकले आणि उरलेल्यासाठी बँकेत इतक्या खेपा घातल्या की तिथला शिपाई त्यांना चहा विचारू लागला. एवढं करून मुलगा परवाना घेऊन घरी बसला. अशी घरी बसलेली मुलं देशात पुष्कळ. त्या दिवसांत आमच्याकडे सल्ला द्यायला कोणी फिरकलं नाही. बेकार मुलाला आपल्याकडे सल्ला कोणी देत नाही, नुसतं "सध्या काय करतोस?" असं विचारतात.

मग २०२५ चा डिसेंबर उजाडला. त्या सालात वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम दोन टप्प्यांत लागू झाले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली आणि रात्रीच्या वेळेत विमान उतरवायचं ते सहाऐवजी दोनदाच, असं ठरलं. नियम २०२४ च्या जानेवारीत जाहीर झालेले. तरी देशातल्या सगळ्यांत मोठ्या कंपनीला, म्हणजे इंडिगोला, ते एकदम अंगावर आल्यासारखे झाले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिची हजारो उड्डाणं रद्द झाली, विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले, आणि वैमानिक कमी पडले की काय होतं हे सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. पुढं भाच्याला दोन-तीन कंपन्यांची बोलावणी आली. कोणत्या कंपनीत जावं, हा प्रश्न त्याच्यापुढं उभा राहिला. त्याच आठवड्यात लिंबायतमध्ये विमान वाहतुकीचे तज्ज्ञ निपजायला लागले.

पहिले तज्ज्ञ घरातलेच, दाजी. यांचा जन्म लूमच्या खात्यात गेला. बारा तास दिवसाची पाळी किंवा बारा तास रात्रीची, आणि पगार विणलेल्या मीटरवर. वैमानिकाचा पगार उडालेल्या तासांवर ठरतो हे ऐकून त्यांना बरं वाटलं. विमान म्हणजे अखेर पंख लावलेला लूम, एवढं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं आणि धास्ती गेली. पण पुढं भाच्यानं सांगितलं, की वर्षाला हजार तासांच्या वर उडताच येत नाही, कायदाच तसा आहे. दाजींनी हिशेब केला. रोज बारा तास, महिन्याचे सव्वीस दिवस. हजार तास सव्वातीन महिन्यांत संपतात.

"मग उरलेले पावणेनऊ महिने हा करणार काय?"

भाच्यानं विश्रांतीचे नियम समजावले, थकवा समजावला, ढगातल्या पहाटे तीन वाजता डोळे कसे मिटायला लागतात तेही समजावलं. दाजी म्हणाले, पहाटे तीनला लूमवरही डोळे मिटतात, फक्त तिथं धागा तुटतो. यावर भाचा गप्प बसला, कारण हा नियम नेमका त्याचसाठी आहे हे बापानं स्वतःच सांगून टाकलं होतं. विमान उडो न उडो, ठरावीक तासांचे पैसे महिन्याला मिळतातच, हे कळल्यावर मात्र दाजी बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. वीज गेली की लूम बंद आणि लूम बंद की मजुरी बंद, यात ते म्हातारे झाले.

दुसरे तज्ज्ञ भाच्याचे काका. ते रेल्वेत, उधन्याला. रेल्वेनं ड्रायव्हर हा हुद्दा काढून लोको पायलट केला तेव्हापासून काका स्वतःला या विषयातले ज्येष्ठ समजतात. "मेडिकल आमचंही ए-वनच लागतं," हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं असं, की विमान जमीन सोडतं तेव्हा त्याचा वेग फार तर ताशी २६०-२८० किलोमीटर असतो. अंत्रोळीच्या स्टेशनातून बुलेट ट्रेन सुरू झाली की ती ३२० नं जाणार, आणि जमीन न सोडता. "मग जास्त कठीण कोणतं?" भाचा हसला तसे काका चिडले. त्यांचं म्हणणं एवढंच, की कंपनी निवडायची तर जिची गाडी घराजवळून सुटते ती निवड. आणि हा मुद्दा, खरं सांगतो, हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. वैमानिकाला कंपनी एक बेस नेमून देते. दिल्ली, मुंबई, बंगळूर, कोलकाता. ड्युटी तिथून सुरू, तिथंच संपते. सुरतचा वैमानिक मुंबई बेसला असेल तर दिवसभर दिल्ली, गुवाहाटी करून संध्याकाळी घरी कसा येणार? मुंबई सेंट्रलहून फ्लाइंग राणीनं. या गाडीला १९७९ मध्ये दुमजली डबे लागले होते, २०२३ च्या जुलैत ते गेले. पण सुरतकराला उडण्याचा अनुभव अजूनही तीच देते. तेव्हा भाचा चार पट्ट्यांचा कॅप्टन झाला तरी काकांच्याच खात्यातल्या कुणीतरी त्याला घरी आणून सोडणार, हे काकांनी सगळ्यांना दोनदा सांगितलं.

तिसरे आमचे शेजारी, हिऱ्यातले शेठ. काठियावाडी माणूस, मनानं चांगला, पण नोकरी या गोष्टीबद्दल त्यांना जी करुणा वाटते ती लपवता येत नाही. "अरे मास्तर, छोकरो आटलो होशियार छे, तो नोकरी शुं काम?" त्यांच्या मते विमान चालवायचं तर ते विकत घ्यावं. उदाहरण त्यांच्या खिशातच होतं. सुरतच्या हिरेवाल्यांनी व्हेंचुरा एअरकनेक्ट नावाची विमानसेवा काढली आहे, तिच्यामागं सवजी ढोलकियांसारखी माणसं आहेत, आणि २०२२ च्या पहिल्या तारखेपासून तिच्या नऊ आसनी सेसना अहमदाबाद, भावनगर, राजकोट, अमरेली अशा जाऊ लागल्या. हे नाव निघाल्याबरोबर खोलीतली हवाच बदलली. ढोलकिया म्हणजे दिवाळीला कारागिरांना मोटारी देणारे. २०१८ मध्ये एका झटक्यात सहाशे दिल्या. बहीण लगेच म्हणाली, मग तिथंच लाग की! मोठ्या कंपन्या दिवाळीला काय देतात, असं तिनं विचारलं. भाचा म्हणाला, "ड्युटी." दिवाळीला सगळ्या देशाला घरी जायचं असतं, म्हणून वैमानिकाला जाता येत नाही. सुरत मात्र दिवाळीला कुलूप लावून गावी जाते. हिऱ्याची घंटी थेट लाभपंचमीनंतर फिरते, आणि गावी गेलेला कारीगर परत आला की दुसऱ्या शेठकडे गेला हेही तेव्हाच कळतं.

त्यावरून शेठना नोटिशीचा नियम फार आवडला. २०१७ पासून आपल्याकडे वैमानिकाला नोकरी सोडायची तर कॅप्टननं वर्षभर आणि सहवैमानिकानं सहा महिने आधी सांगावं लागतं. २०२३ मध्ये अकासा एअरचे ४३ वैमानिक नोटिशीचा काळ न भरता निघून गेले, तेव्हा कंपनीला उड्डाणं रद्द करावी लागली आणि प्रकरण न्यायालयात गेलं. शेठ गहिवरले. त्रेचाळीस कारीगर एकदम गेले तर काय होतं हे त्यांना सांगायची गरज नव्हती. शिवाय अकासात राकेश झुनझुनवालांचा पैसा. पहिलं विमान ७ ऑगस्ट २०२२ ला उडालं आणि आठवड्यानं झुनझुनवाला गेले. शेठनी डोळ्याला रुमाल लावला आणि लगेच इंडिगोच्या शेअरचा भाव काय आहे ते मोबाइलवर बघितलं. कोणत्या कंपनीत नोकरी करावी आणि कोणत्या कंपनीचा शेअर घ्यावा, हे दोन प्रश्न वेगळे असू शकतात हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

स्वतःचं विमान म्हणताच मला कॅप्टन अमोल यादव आठवले. जेट एअरवेजमध्ये वैमानिक असताना या गृहस्थांनी कांदिवलीतल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये नोंदणी मिळाली, आणि चाचणीची उड्डाणं झाली ती पुन्हा आमच्या धुळ्यालाच. हे सांगितल्यावर शेठनी एकच शंका विचारली. गच्चीवर एवढं बांधकाम केलं, महापालिकेची नोटीस नाही आली?

यानंतरचे सल्ले भराभर आले आणि भराभर गेले. शिरपूरच्या मावसभावाचं मत, जळगावला उतरणारी कंपनी धर. गोव्याची फ्लाय९१ ही २०२४ साली सुरू झालेली कंपनी जळगावला छोटी एटीआर विमानं आणते. म्हणजे जाता-येता गावी डोकावता येईल, वांगी आणता येतील. दुसऱ्या एकानं स्टार एअर सुचवली, कारण ती कोल्हापूर जिल्ह्यातल्या घोडावत समूहाची, म्हणजे आपल्याच माणसांची. आपली माणसं असली की पगार कमी देतात, हे त्याला तिसऱ्यानं तिथंच सांगितलं. कुणीतरी चिठ्ठी आणायचं काढलं. सी. आर. पाटील नवसारीचे खासदार, मूळ जळगाव जिल्ह्यातले, केंद्रात मंत्री. चिठ्ठी कुणाची आणायची यावर एकमत झालं. मग लक्षात आलं की खातं जलशक्ती आहे. आभाळातल्या नोकरीला पाण्याच्या खात्याची चिठ्ठी चालेल का, यावर अर्धा तास चर्चा झाली. पाऊस आभाळातूनच पडतो, असा एक मुद्दा निघाला.

माझे शाळेतले एक जुने सहकारी एअर इंडियाचे कट्टर भक्त. त्यांच्या पिढीला सरकारी पेन्शन आणि परमेश्वर यांत फारसा फरक दिसत नाही. २७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांकडे परत गेली, २०२४ च्या नोव्हेंबरात विस्ताराही तिच्यातच आली, हे त्यांना माहीत आहे. तरी महाराजाची मिशी बघितली की त्यांना प्रॉव्हिडंट फंड आठवतो. सौदामिनी देशमुखांचं उदाहरण ते हमखास देतात. १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या फॉकर विमानाच्या कॅप्टन म्हणून कोलकात्याहून सिलचरला गेल्या, आणि त्या विमानातले सगळे कर्मचारी स्त्रियाच होत्या. उदाहरण झकास आहे, पण त्याचा भाच्याच्या प्रश्नाशी काय संबंध, हे विचारलं की ते म्हणतात, "त्या वेळी नोकरीची शाश्वती होती."

शाश्वतीचा विषय निघाला आणि कोपऱ्यात जप करत बसलेल्या आजीनं माळ खाली ठेवली. दाजींच्या आई. अमळनेरहून लिंबायतला आल्यापासून भाड्याच्या खोल्या बदलत बदलत स्वतःच्या घरात आलेली बाई. तिनं नातवाला विचारलं,

"ते इमान कंपनीनं सोतानं शे, का भाडानं?"

सगळे हसले. भाचा हसला नाही. देशातली बहुतेक प्रवासी विमानं भाड्याचीच आहेत. त्यांचे मालक परदेशी, त्यांतले कित्येक आयर्लंडमधले. भाडं थकलं की ते दारात येतात. किंगफिशर २०१२ च्या ऑक्टोबरात बसली, जेट १७ एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट २०२३ च्या मे महिन्यात. तिन्ही आपापल्या काळात गल्लोगल्लीच्या तज्ज्ञांनी पोरांना सुचवलेल्या कंपन्या होत्या. किंगफिशरचा थाट बघून तर माझ्या ओळखीच्या एका बाईनं मुलीचं लग्न तिथल्या कर्मचाऱ्याशी ठरवलं होतं. गो फर्स्टची ५४ विमानं जमिनीवर उभी राहिली, मालक म्हणत होते आमची आम्हाला द्या, दिवाळखोरीच्या कायद्यानं ती अडकली, आणि शेवटी २०२४ च्या एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांची नोंदणी रद्द करायला सांगितली तेव्हा मालकांची सुटका झाली. वैमानिकांची? ते पुन्हा रांगेत शेवटी.

कारण या धंद्यात सगळं ज्येष्ठतेच्या यादीवर चालतं, आणि यादी ज्याच्या-त्याच्या कंपनीची. ज्या तारखेला रुजू झालात तो तुमचा नंबर. कॅप्टनची खुर्ची आधी कुणाला, बेस हवा तो कुणाला, मोठ्या विमानावर कुणाला, सुट्टी आधी कुणाला, सगळं त्या नंबरावर. दुसऱ्या कंपनीत गेलात की खांद्यावरचे पट्टे नेता येतील एक वेळ, नंबर नेता येत नाही. म्हणून पंचवीस वर्षांच्या पोरानं पासष्टीपर्यंत, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत, कोणती कंपनी जिवंत राहील याचा अंदाज आजच बांधायचा असतो. यासाठी फिजिक्स आणि गणित पुरत नाही. आजीचा प्रश्न त्या मानानं जवळचा. तेव्हापासून तिच्या मताला आमच्याकडे वजन आलं, पण तिनं ते जास्त खर्च केलं नाही. फक्त सुरतच्या म्हशीची गोष्ट निघाली तेव्हा एकदा ती बोलली.

ही गोष्ट बाहेरच्या वाचकांना सांगायला हवी. ६ नोव्हेंबर २०१४ ला सुरतहून दिल्लीला निघालेलं स्पाइसजेटचं बोइंग धावपट्टीवर वेग घेत असताना एका म्हशीला धडकलं. प्रवासी सुखरूप, म्हैस गेली. कंपनीनं चिडून सुरतची उड्डाणंच बंद केली. त्या वेळी सुरतेत विमानं मोजकीच होती. इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं विमानतळासाठी आरडाओरडा केला आणि एका म्हशीनं त्यावर पाणी ओतलं. पुढं दिवस पालटले. १७ डिसेंबर २०२३ ला नव्या टर्मिनलचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं, रांदेरच्या जुन्या लाकडी घरांची नक्षी त्यात घेतली आहे, कुंपणं पक्की झाली. आता अडचण म्हशींची नाही, वेसूच्या बाजूच्या उंच इमारतींची आहे. त्यांच्यामुळे त्या अंगानं येणाऱ्या विमानाला धावपट्टीचा थोडा भाग सोडून पुढं उतरावं लागतं. म्हशीला निदान हाकलता येत होतं. तर या सगळ्यावर कोणती कंपनी चांगली, असा वाद चालला असताना आजीनं विचारलं, "म्हैस कोनी व्हती? तिले कोनी पैसा दिधा का?" याचं उत्तर कुणाजवळ नव्हतं.

बहिणीची काळजी वेगळीच होती. पोरगं वाईट संगतीला लागेल. यालाही सुरतेतच आधार होता. डिसेंबर २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसचं सुरत-बँकॉक थेट विमान सुरू झालं आणि पहिल्याच फेरीत प्रवाशांनी विमानातली दारू संपवली अशी बातमी देशभर गाजली. साठा संपला नव्हता, असा खुलासा कंपनीकडून आला. दारूबंदीच्या राज्यात या खुलाशाचं जास्तच वाईट वाटलं. पण पिणारे मागच्या सीटांवर असतात. पुढं बसणाऱ्याला आधी नळीत फुंकर मारून दाखवावी लागते, उड्डाणाआधी बारा तास थेंब चालत नाही, आणि २०२३ पासून तर अल्कोहोल असलेल्या माउथवॉशनं चूळ भरायलाही बंदी. जगात इतक्या कडक पहाऱ्यातली दुसरी नोकरी मला तरी ठाऊक नाही. बहिणीला हे फार आवडलं. दोन्ही वैमानिक एकच जेवण घेत नाहीत, म्हणजे एकाचं पोट बिघडलं तरी दुसरा शाबूत राहतो, हे मात्र तिला आवडलं नाही. "सुरतनुं जमण" म्हणतात त्या गावात वाढलेल्या पोराला पुढ्यातलं आवडतं ताट समोरच्याला द्यावं लागणार, हा तिच्या लेखी या नोकरीतला खरा धोका.

खऱ्या धोक्याबद्दल ती एकदाच बोलली. १२ जून २०२५ ला अहमदाबादचा अपघात झाला, तेव्हा परवाना हातात आलेला होता. पुढचे काही आठवडे आमच्या घरात विमान हा शब्द कुणी काढला नाही. मग एका रात्री तिनं मुलाला विचारलं, तुला अजून जायचं आहे का? तो हो म्हणाला. त्यानंतर ती कंपनी, बेस, पगार यांवर हिरिरीनं बोलायला लागली. मला वाटतं आम्ही सगळेच त्यामुळेच इतकं बोलत होतो.

निवड शेवटी कशी झाली? दिवाणखान्यातल्या सभेत एअर इंडियाला तीन मतं, इंडिगोला चार, अकासाला शेठचं एक, व्हेंचुराला बहिणीचं एक, आणि रेल्वेला काकांचं. मतदान अनिर्णित राहिलं. दोन दिवसांनी एका कंपनीचं रुजू होण्याचं पत्र आलं, आणि ज्याचं पत्र आधी त्याचा नंबर आधी, या एका न्यायानं भाच्यानं सही केली. तज्ज्ञांना फार राग आला. आमचं ऐकायचंच नव्हतं तर बोलावलं कशाला, असं काका म्हणाले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. बाँड आहे, प्रशिक्षण आहे, बेस दिल्ली आहे, आणि पगाराचा मोठा हिस्सा सध्या बँक उडवणार आहे. कंपनी ती बरी की ही, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. पण जी कंपनी पोराला मुदतीत कॅप्टन करील, झोपू देईल आणि भाडं वेळेवर भरील ती चांगली, एवढं मी कुठल्याही आईबापाला छातीठोकपणे सांगेन.

कंपनीचं नाव मुद्दाम छापत नाही, कारण पुढची विनंती सगळ्याच कंपन्यांच्या रोस्टर बनवणाऱ्या साहेबांना आहे. श्रावणात नागपंचमीनंतर जो रविवार येतो त्या दिवशी आमच्याकडे कानबाई बसते. रात्रभर जागरण असतं, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मूठ-मूठ गहू मोजून रोट होतात, आणि ते भाऊबंदांनीच खाऊन संपवायचे असतात, बाहेर देता येत नाहीत. माझ्या भाच्याच्या नावचे गहू दरवर्षी पडणारच, आणि दाजींना साखरेचा आजार आहे. तेव्हा साहेब, त्या रविवार-सोमवारची ती ४८ तासांची विश्रांती तेवढी त्याच्या नावावर लावा.